आठवणीतून काढलेला बाजार

काही वर्षांपूर्वी चित्रकलेच्या तासाला मी स्मरणचित्रासाठी 'बाजार' हा विषय दिला होता. ठाणे जिल्ह्यातलं आमचं धसई म्हणजे आजूबाजूच्या वाड्यापाड्यांचं बाजाराचं गाव, त्यामुळे विषय सगळ्यांच्या ओळखीचा. तरीही बहुतेकांनी गाईडमधलीच मांडणी उतरवली. एका मुलीच्या कागदावर मात्र नुसते पाय होते. झिजलेल्या चपला, अनवाणी टाचा, साडीचे काठ आणि मधोमध करवंदांची पाटी. करवंदं विकणाऱ्या आईच्या मागे बसून तिला बाजार एवढाच दिसायचा.

तेव्हापासून मी या जिल्ह्यातल्या कलाशिक्षणाचा माग काढतो आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. शाळा अंगणात भरली, गुराख्यांसाठी कुरणावर भरली. मुलाच्या हाताशी जे आहे, तिथूनच शिक्षण सुरू झालं.

बोर्डी-कोसबाडच्या त्याच डहाणू मुलखात वारली सवाशिणी लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. सत्तरच्या दशकात ही चित्रं कागदावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण तोवरचा हा वारसा अखंड ठाणे जिल्ह्याचा आहे.

शाळेत मात्र कलेचा तास कायम उपरा राहिला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कला निदेशकाची तरतूद केली, पण शंभरावर पट असलेल्या शाळांसाठी. पाड्यावरच्या शाळेत शंभर मुलं कुठून येणार? एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात. ते गुण मुलांच्या कष्टाचे आहेत, ते मिळायलाच हवेत. पण गुणांसाठीच चित्र काढायचं ठरलं की मूल गाईडमधला बाजार काढतं, स्वतः पाहिलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत मिसळायला सांगितलं आहे. त्यासाठीही रंग लागतात, तास लागतो आणि मुलाचा कागद नीट पाहणारा शिक्षक लागतो.

बाजारातले पाय काढणारी ती मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी मी तिचं चित्र फळ्याला लावलं. मुलं विचारू लागली, हे पाय कोणाचे? तिने एकेका पायावर बोट ठेवून सांगितलं. हे बांगडीवालीचे, हे एसटीच्या कंडक्टरचे, हे भाव करून न घेताच गेलेल्या बाईचे. तास संपला तरी ती सांगतच होती.