हेलकावणारे इंजिन

आमच्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ निघणाऱ्या पुस्तिकेत ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु लक्षण आणि कारण यांत गल्लत करू नये, ही सरांची शिकवण मला खऱ्या अर्थाने उमगली ती एका जुन्या फोर्डसन मेजरपाशी.

इंग्लंडमधील डॅगनहॅमच्या कारखान्यात तयार झालेला तो चार सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर काकांच्या उसाच्या मळ्यात होता. एके दिवशी तो नुसता उभा असताना इंजिनाचा आवाज चढू लागला, उतरू लागला, पुन्हा चढू लागला. मिस्त्री लोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. मी मंद गतीचा स्क्रू थोडा आवळला. हेलकावे थांबले आणि रोग बरा झाला असे मी मानले. चौथ्या दिवशी विहिरीवरील पंप चालू असता पट्टा निसटला आणि भार उतरलेले इंजिन बेफाम धावू लागले. काकांनी इंजिन बंद करण्याची मूठ तत्काळ ओढली, म्हणूनच जवळ उभा असलेला गडी बचावला.

या इंजिनाची गती राखणारा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. हवा आत येण्याच्या मार्गात एक अरुंद गळा असतो. इंजिनाची गती वाढली की तेथील दाब घटतो. ही ओढ बारीक नळीतून डिझेल पंपामागील डबीत पोचते व तेथील चामडी पडद्याला, म्हणजे डायाफ्रामला, खेचते. पडद्याला जोडलेली दांडी सरकून डिझेल कमी होते. गती घटली की ओढ मंदावते, स्प्रिंग दांडीला परत ढकलते आणि डिझेल वाढते.

या देवघेवीत विलंब झाला की हेलकावे सुरू होतात. डिझेल तोडण्याची आज्ञा पोचेपर्यंत गती मर्यादेपलीकडे गेलेली असते. वाढविण्याची आज्ञा पोचेपर्यंत ती फार खाली आलेली असते. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. अशा यंत्रांतील खळबळ केव्हा आपोआप शमते आणि केव्हा वाढत जाते, याचे गणित मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले. मळ्यातल्या ट्रॅक्टरलाही तोच नियम लागू होता.

म्हणून तपासणीला क्रम हवा. प्रथम डिझेल पाहावे. टाकीपासून पंपापर्यंतच्या जोडांतून हवा शिरत असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर गव्हर्नरने मागितलेले डिझेल वेळेवर मिळतच नाही. फिल्टर बदलून व एअर काढून दोष गेला, तर पुढे जाण्याचे कारण नाही. त्यानंतर ओढीची नळी व तिचे जोड पाहावेत. मग इंजिन बंद असताना डिझेलची दांडी ‘बंद’ बाजूला सरकवून धरावी, डबीच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दांडी सोडावी. पडदा शाबूत असेल तर ती अडून राहते. झटकन परतली तर पडदा किंवा डबीचा जोड गळका आहे. शेवटी दांडी कोठे अडखळते का, तेही पाहावे. स्क्रूला हात लावायचा तो या सर्वांनंतर.

आमच्या ट्रॅक्टरचा चामडी पडदा वाळून चिरला होता. गळती असली की ओढ अपुरी पडते, आणि अपुऱ्या ओढीला गव्हर्नर ‘गती कमी आहे’ असे समजून डिझेल वाढवितो. मी स्क्रू आवळून इंजिन दुरुस्त केले नव्हते. त्याने दिलेली सूचना तेवढी बंद केली होती.

नवा पडदा बसविला, स्क्रू मूळ जागी आणला आणि इंजिन एका लयीत चालू लागले. आजही कोठे जुने इंजिन हेलकावताना ऐकले की माझा हात खिशातल्या पान्याकडे जात नाही. आधी मी कान देतो.