पाहुण्यांना टाळ-मृदंग ऐकवा

हिवाळ्यात पुण्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. शनिवारवाडा, सिंहगड, लोणावळा, आणि गाण्याची आवड असेल तर डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पिंपरी-चिंचवड आणि चाकण त्या यादीत नसतात. तरीही या पट्ट्यात पाहुण्यांची वर्दळ कमी नाही. वाहन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी आलेले परदेशी अभियंते, सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांचे लोक, आणि इथे नोकरी करणाऱ्या मुलाकडे थंडीत राहायला आलेले मराठवाड्या-विदर्भातले आईवडील. त्यांना संध्याकाळी कुठे न्यायचं, या प्रश्नाला मॉल आणि हॉटेल यापलीकडे उत्तर सुचत नाही. माझं म्हणणं असं, की उत्तर अगदी हाताशी आहे. ज्या भागाला आपण नुसती उद्योगनगरी म्हणून मोकळे होतो, तो महाराष्ट्राच्या एका जुन्या आणि आजही नांदत्या गायनपरंपरेचा मुलूख आहे. हिवाळा हा त्या परंपरेचा भरात येण्याचा काळ. पाहुण्याला आधी ती ऐकवली पाहिजे.

नकाशा उघडला की हे लगेच ध्यानात येतं. पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेच्या अंगाने इंद्रायणी वाहते. तिच्या काठी एकीकडे तुकोबांचं देहू, दुसरीकडे ज्ञानेश्वरांची आळंदी. शहराच्या पोटात पवनेकाठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती 1296 साली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली 1954 मध्ये, औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं 1962 मध्ये, आणि पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली 1982 मध्ये. म्हणजे भोंगा वाजू लागण्याआधी कित्येक शतकं इथे टाळ वाजत होते. कारखाने आले म्हणून ते थांबलेही नाहीत. मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे या गावांभोवती इमारती उठल्या, पण गावठाणातलं देऊळ आणि त्याचं भजनी मंडळ टिकून राहिलं. आळंदीत जोग महाराजांनी 1917 मध्ये सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था आजही कीर्तनकार घडवते. महापालिकेनेही चिखलीत तुकोबांच्या नावाने संतपीठ उभारून मुलांसाठी संतसाहित्याच्या शिक्षणाची सोय केली आहे.

आता हिवाळ्याचं वेळापत्रक पाहा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत पहाटे काकडा चालतो. त्यानंतरच्या वद्य पक्षात, एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत, आळंदीला संजीवन समाधीचा सोहळा भरतो. मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या सुमारास चिंचवडला मोरया गोसावींचा समाधी महोत्सव होतो. त्यात धार्मिक विधींच्या जोडीला गायनाच्या मैफली असतात, आणि खुद्द मोरया गोसावींनी रचलेली पदं तिथल्या उपासनेत गाइली जातात. महापालिकेचा स्वरसागर महोत्सव याच मोसमातला. माघ शुद्ध दशमीला देहूजवळच्या भंडारा डोंगरावर सप्ताह आणि गाथा पारायण असतं. तुकोबांना गुरूपदेश झाला तो हा दिवस. थंडी सरता सरता, फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूत तुकाराम बीज साजरी होते. इतक्या छोट्या टापूत, इतक्या सलगपणे आणि बहुतांशी विनातिकीट ऐकायला मिळणारं संगीत आपल्याकडे तरी विरळाच.

पाहुण्याने ऐकायचं काय, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं. वारकरी कीर्तनात मध्ये कीर्तनकार उभा असतो, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी असतो, आणि पाठीमागे दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. निरूपणासाठी एकच अभंग घेतलेला असतो. कीर्तनकार त्याचा अर्थ उलगडत जातो आणि प्रमाण म्हणून मध्येच दुसऱ्या संताचा चरण उचलतो. तो चरण सुरू होताच टाळकरी तो झेलतात, चाल धरतात, लय हळूहळू चढवत नेतात, आणि ठरल्या जागी सगळे टाळ एकदम थांबतात. या थांबण्यावर कान ठेवावा. वीस-पंचवीस माणसांची तालीम त्या एका क्षणात कळते. मृदंगाकडेही जवळून पाहावं. त्याच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक थापलेली असते. तिच्या वजनाने खर्जाचा घुमार येतो. थंडीच्या कोरड्या हवेत कणीक लवकर सुकते, म्हणून वादक मधूनच बोटाने पाणी लावून ती सारखी करतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची आणि पुढच्या वेळी नव्याने मळायची. भाषा न कळणाऱ्या अभियंत्यालाही एवढं दाखवलं, तर त्याला ऐकण्याची वाट सापडते.

पुण्यात सवाई असताना इथल्या कीर्तनाचं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. पण या दोहोंत स्पर्धा नाहीच. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला, आणि त्याच भीमसेनांनी ‘संतवाणी’तून अभंग मैफलीच्या श्रोत्यांपर्यंत नेला. श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर लता मंगेशकरांनी तुकोबा गायले. मैफलीत जो अभंग रागाच्या अंगाने खुलतो, तोच देहू-आळंदीत समूहाच्या गळ्यातून आणि अर्थाच्या अंगाने ऐकता येतो. दोन्ही ऐकणाऱ्याला दोन्ही अधिक कळतात. अंतराची अडचणही कमी झाली आहे. सप्टेंबर 2024 पासून पिंपरीहून निघालेली मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते, आणि तिथून महोत्सवाचं मुकुंदनगर जवळ आहे. पुण्याच्या रसिकाला याच गाडीने उलट दिशेनेही येता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही उपासना आहे, करमणूक नव्हे. पाहुण्यांचे जथे आणून तिचा तमाशा करू नये, असं वारकरी म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. पण कीर्तन मुळातच सर्वांसाठी उघडं असतं. तिथे येणाऱ्याला जात, गाव किंवा भाषा विचारण्याची रीत नाही. बंधन हवं ते वागण्यावर. चपला बाहेर काढून खाली बसावं, मध्येच उठू नये, तोंडावर कॅमेरा धरू नये. आणि नवख्या पाहुण्याला कार्तिकीच्या ऐन गर्दीत नेऊच नये. त्या दिवसांत आळंदीत लाखो वारकरी असतात. गावाच्या रस्त्यांवर, पाण्यावर, शौचालयांवर पहिला हक्क त्यांचा आहे. पाहुण्यांसाठी सप्ताहाची एखादी संध्याकाळ, गावठाणातला काकडा किंवा देहूचं गाथा मंदिर, जिथे संगमरवरी भिंतींवर चार हजारांवर अभंग कोरलेले आहेत, ही अधिक योग्य ठिकाणं.

तिसरा आक्षेप इंद्रायणीचा. फेसाळलेलं पाणी पाहुण्याला कोणत्या तोंडाने दाखवायचं? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण ते प्रदूषण याच पट्ट्यातल्या सांडपाण्यातून आणि कारखान्यांच्या रसायनांतून येतं. पण पाहुण्याला दूर ठेवल्याने नदी स्वच्छ होत नाही. ज्या कंपनीला आपला परदेशी पाहुणा आळंदीच्या घाटावर न्यायचा असेल, तिला आपल्या नाल्यातून काय वाहतं याचा विचार करावाच लागेल. ही लाज उपयोगी पडणारी आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. पाळ्यांत काम करणाऱ्यांनी संगीत ऐकायचं कधी? खरं तर इथलं संगीत या वेळांत चांगलं बसतं. काकडा पहिल्या पाळीच्या आधीचा आणि कीर्तन बहुधा संध्याकाळी सात ते नऊ. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याच्या नियमामुळे एके काळी रात्रभर चालणाऱ्या मैफलींना आपला रिवाज मोडावा लागला. सात ते नऊच्या कीर्तनाला त्या नियमाची झळ नाही. शिवाय या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. मैफलींसाठी जागेचीही अडचण नाही. आचार्य अत्रे रंगमंदिर आणि रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह शहरात आहेतच. 2016 चं साहित्य संमेलन आणि 2024 चं शंभरावं नाट्य संमेलन, दोन्ही जानेवारीत, या शहराने भरवून दाखवली. मोठा समारंभ पेलण्याची ताकद सिद्ध झाली आहे. आता छोट्या, नेहमीच्या गोष्टींकडे वळायला हवं.

त्यासाठी नवा महोत्सव नको. तीन गोष्टी पुरेत. महापालिकेने आश्विन ते फाल्गुन या काळातल्या कीर्तन, काकडा आणि मैफलींचं तिथी व तारीख दोन्ही देणारं एकत्र पत्रक काढावं आणि ते मेट्रो स्थानकांवर, हॉटेलांत, कंपन्यांच्या स्वागतकक्षात ठेवावं. गुरुवारी संध्याकाळी चाकण, भोसरी आणि निगडीहून देहू-आळंदीला जाणाऱ्या आणि कीर्तन संपल्यावर परत आणणाऱ्या बसगाड्या सोडाव्यात. आणि पाहुण्यांना चार वाक्यांत कीर्तनाची ओळख करून देतील असे तरुण वारकरी संस्थांमधून निवडून त्यांना मानधन द्यावं. यातलं काहीच होईपर्यंत यजमानांनी थांबू नये. या थंडीत घरी किंवा कचेरीत पाहुणा आला, तर त्याला एक संध्याकाळ जवळच्या सप्ताहाला घेऊन जा, आणि तुम्हीही त्याच्या शेजारी शेवटपर्यंत बसा.