जवानाला हेलिकॉप्टर उडवता येतं का?

भंडारा, साकोली, तुमसरच्या मैदानांवर पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांच्या मनात एक बेत असतो : आधी भरती व्हायचं, मग आत गेल्यावर हेलिकॉप्टरकडे वळायचं. वळता येतं, पण थेट नाही. आपल्या फौजेत वैमानिकाची खुर्ची अधिकाऱ्याची. अमेरिकी लष्करात वॉरंट ऑफिसर हेलिकॉप्टर उडवतात. आपल्याकडे सुभेदारसुद्धा उडवत नाही. टेक्निकल ट्रेडमधला जवान हेलिकॉप्टरची देखभाल करतो, तेवढंच.

त्यामुळे जवानाला आधी कमिशन मिळवावं लागतं. बारावी पास, वय २० ते २७ आणि किमान दोन वर्षांची नोकरी असेल तर आर्मी कॅडेट कॉलेजसाठी अर्ज करता येतो. लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत. निवड झाली की देहरादूनला तीन वर्षं पदवीचं शिक्षण आणि वर्षभर इंडियन मिलिटरी अकादमी. वाट लांब आहे. बारावीनंतर एनडीए साधत असेल तर तीच धरावी, असं मी म्हणेन.

अधिकाऱ्याने शाखा बदलून वैमानिक होणं मात्र जुनंच. सुरुवातीला उडायचे ते तोफखान्याचे अधिकारी. आपला गोळा कुठे पडतोय हे वरून पाहायचं आणि खाली तोफेला सांगायचं, हे त्यांचं काम. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन ही स्वतंत्र कोर झाली आणि पुढे इतर शाखांचे अधिकारीही त्यात येऊ लागले. कॅप्टन अभिलाषा बराक २०१८ मध्ये एअर डिफेन्समध्ये दाखल झाल्या होत्या. मे २०२२ मध्ये नाशिकला त्यांना वैमानिकाचे विंग्ज मिळाले आणि त्या आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

इच्छा कळवली म्हणजे झालं, असं नाही. खरी चाळणी पायलट अॅप्टिट्यूड चाचणीची. पडद्यावरचा ठिपका हातातल्या दांड्याने आणि पायातल्या पेडलने जागेवर धरायचा, घड्याळांसारख्या तबकड्या वाचून विमान कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला आहे ते सांगायचं. ही संधी आयुष्यात एकदाच. नापास झालात तर ते दार कायमचं बंद. म्हणून सरावाशिवाय, नुसत्या हौसेने तिथे बसू नये. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. डोळे, कान, पाठीचा कणा तर बघतातच, पायांची लांबीही मोजतात, कारण ती कॉकपिटमध्ये बसली पाहिजे. २०२१ मध्ये पंधरा महिला अधिकाऱ्यांनी नावं दिली होती. चाचणी आणि तपासणी पार करून निघाल्या दोघीच.

शिक्षण होतं ते नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला, ‘कॅट्स’ या आर्मी एव्हिएशनच्या प्रशिक्षण शाळेत. चेतक हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताला कलेक्टिव्ह नावाचा दांडा : तो वर ओढला की सगळी पाती एकदम जास्त कोनात वळतात आणि यंत्र उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक, त्याने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जायचं. पायाखाली शेपटीच्या पंख्याचे पेडल. चेतकचा डोक्यावरचा मुख्य पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे ताकद वाढवली की नाक डावीकडे वळू पाहतं आणि लगेच उजवं पेडल दाबावं लागतं. एक हात हलवला की दुसरा हात आणि पाय, तिघांनाही काम लागतं. जमिनीपासून थोड्या उंचीवर एका जागी स्थिर राहणं नवख्याला सगळ्यात जड जातं ते यामुळेच.

इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, याचाही सराव करून घेतात. कलेक्टिव्ह झटकन खाली. खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात. जमीन जवळ आली की सायक्लिकने नाक उचलून वेग मारायचा आणि शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढून हलकेच टेकायचं. कोर्स पुरा झाला की विंग्ज मिळतात आणि नवा वैमानिक स्क्वाड्रनमध्ये जुन्या वैमानिकाशेजारी, सहवैमानिकाच्या जागी बसतो.