मालकीचं रान

माघातली सकाळ. कणकवलीहून फोंडाघाटाकडे जाणारा रस्ता सोडून गाडी लाल मातीच्या पाणंदीत शिरते आणि चिऱ्याच्या गडग्यापाशी थांबते. पुढची वाट बेड्यांनी अडवलेली: दोन खांबांच्या भोकांतून आडवे घातलेले तीन बांबू. तात्या एकेक बांबू सरकवून सगळ्यांना आत घेतात आणि शेवटच्या माणसाला बजावतात, "परत घालून येवा हां, नायतर गुरां भितुर येतली."

तिकीट नाही, पाटी नाही. घाट चढून वर गेलं की दाजीपूरचं अभयारण्य लागतं. तिथे सरकारी फाटक, प्रवेश शुल्क आणि नियम. घाटाखाली मात्र उतारावरचं बरंचसं रान कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं, आणि बहुधा एकट्याच्या नव्हे. या रानाच्या सातबाऱ्यावरही तात्यांच्या जोडीला मुंबईच्या चुलत्यांची आणि त्यांच्या मुलांची नावं आहेत. "गणपतीक इले काय एकेकाची सही घेवची," तात्या चालता चालता सांगतात.

पावणे आहेत कोल्हापूरचे आणि मुंबईचे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण पर्यटक कणकवलीला रेल्वेतून उतरतो तो थेट मालवण-तारकर्लीची गाडी पकडायला. ही मंडळी उलट्या दिशेला, डोंगराकडे आली आहेत. कोल्हापूरचं जोडपं दुर्बिणी सरसावून उंबराकडे बघत उभं आहे. पंखांचा घोंघाट करीत एक धनेश येतो, फळं वेचतो आणि निघून जातो. त्याच वेळी खालच्या अंगाने कोयत्याचे घाव ऐकू येऊ लागतात.

"जंगल तोडतायत?" मुंबईची मुलगी दचकून विचारते.

"तोडतत ना. बघूया चला."

तात्या आम्हाला एका किंजळीच्या खुंटापाशी नेतात. खुंट गुडघ्याएवढा, पण घेर दोन माणसांनी कवेत घ्यावा असा. त्याच्या कडेने पाच फुटवे उठलेत. दोन चांगले जोमदार राखलेत, तीन आज उतरवलेत. घाव तिरका आहे, पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून, आणि साल कुठेही फाटलेली नाही. जुन्या घावांच्या गाठी एकीवर एक चढल्यात. "हेका माझ्या आज्यान तोडल्यान, बापाशीन तोडल्यान, आता माझी पाळी. मुळासकट काढलास तर रान गेला. वरना तोडलास तर परत येता."

मुलगी खुंटावर हात फिरवते. काही बोलत नाही.

हे तोडणंही मालकाच्या मर्जीवर चालत नाही. किंजळ, ऐन, खैर, साग ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं. अर्ज, पाहणी, परवानगी आणि मग वाहतुकीचा पास. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतर जिल्ह्यात कितीतरी सातबाऱ्यांवर वनसंज्ञा लागली, आणि तिच्यावरून कचेरीच्या खेपा अजून चालू आहेत. बांबू मात्र २०१७ मध्ये मालकीच्या जमिनीवर 'झाड' या व्याख्येतून सुटला.

सुटल्याची खूण पुढच्याच वळणावर आहे: माणगा बांबूचं भलंमोठं बेट. माणग्याला काटे नसतात, म्हणून दोन गडी सरळ आत घुसलेत. पांढुरकी पूड अंगावर असलेल्या यंदाच्या कोवळ्या काठ्यांना ते हात लावत नाहीत. पिकलेली काठी पेराच्या लगेच वर, जमिनीलगत छाटतात. मुंबईचा एक मुलगा बुडख्याचा तुकडा उचलून बासरीसारखी फुंकर मारतो. आवाज नाही. तुकड्यात पोकळीच नाही! गडी खो खो हसतात. या भरीवपणामुळेच माणग्याला गिऱ्हाईक आहे.

वाटेत दोघी बायका काजूखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करतायत. तो राबासाठी जाणार, आणि वणवा लागला तर पेटायला तेवढं कमी उरणार. तात्या एका पावण्याच्या हातातली सिगारेट नुसती बघतात. तो ती खिशात ठेवतो.

स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून फिरण्याचा, रानफळं वेचण्याचा हक्क सगळ्यांना आहे. १९९४ पासून तो राज्यघटनेत नोंदलेला आहे. इथे तसा कुठला हक्क नाही. इथे चालतो तो तात्यांचा शब्द, आणि रान उभं आहे ते त्यातून घर चालतं म्हणून. "इका, नायतर जेसीबी लावून सगळो काजू करा, म्हणतत," ते सांगतात. "एका दिवसात साफ होतला."

दुपारी व्हाळाकाठी ऐनांच्या सावलीत पंगत बसते. वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी केलेली भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. जेवणाचे पैसे त्यांच्याकडे, रान दाखवल्याचे तात्यांकडे. जेवण चालू असतानाच लाकडाचा ठेकेदार येतो आणि मान वर करून ऐन न्याहाळतो.

"तात्या, खरे पैसे या झाडांत आहेत."

"म्हायत आसा. व्हाळावरची देवचंय नाय. ही माणसां मगे खंय बसतली, सड्यार?"

"मग भाव उतरेल."

तात्या पंगतीकडे बघतात, बोटांवर काहीतरी मोजतात.

"उतरव. पण वाटेवरच्यो फांद्यो तुझ्या माणसांनी उचलूच्यो. पावण्यांका चालूक व्हया."