कढईतलं उरलेलं तेल जातं कुठे?

मागच्या दिवाळीत आमच्या सास्तूरच्या बचत गटानं फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. तीन दिवस चकली, शेव, करंज्यांचं तळण चाललं. शेवटी कढयांमध्ये काळपट, चिकट तेल उरलं, चांगलं आठ-नऊ लिटर. एक म्हणाली, "ओता मोरीत." दुसरी म्हणाली, "ओतायचं कशाला? भजीवाला निम्म्या भावानं घेतो की!"

ते ऐकून माझा हात थांबला. त्याच गाड्यावरची भजी आपली पोरं शाळा सुटल्यावर खातात ना!

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' नावाचे घटक वाढत जातात. ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 'रुको' ही मोहीम सुरू केली. नावच बघा, 'थांबा'! वापरलेलं तेल नोंदणी झालेल्या गोळा करणाऱ्यानं घ्यायचं आणि बायोडिझेलच्या कारखान्याला द्यायचं, अशी ही साखळी आहे. आता तर विमानापर्यंत मजल गेली आहे. असं इंधन वापरलेल्या तेलापासून बनवण्याचं प्रमाणपत्र इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये मिळालं.

कारखान्यात तेल आधी गाळतात, तापवून त्यातलं पाणी घालवतात, आंबटपणा तपासतात. मग त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालतात. वर बायोडिझेल तरंगतं, खाली ग्लिसरीन बसतं. साधारण शंभर किलो तेलामागे दहा किलो ग्लिसरीन निघतं. पण तेलात पाणी राहिलं, आंबटपणा जास्त असला, तर डिझेलऐवजी साबणच होऊन बसतो! (हा प्रयोग घरी मुळीच करू नका बायांनो. मिथेनॉल विषारी असतं आणि झटकन पेट घेतं.)

म्हणजे अर्धी तयारी आपल्याच हातात आहे. तेल पूर्ण गार होऊ द्यायचं, फडक्यानं गाळायचं, चकलीचा चुरा काढून टाकायचा. कॅन अगदी कोरडा हवा, ओला झारासुद्धा बुडवायचा नाही. तूप-डालडा वेगळा ठेवावा. त्याचं डिझेल थंडीत लवकर गोठतं.

आता खरी अडचण सांगते. गोळा करणाऱ्यांच्या गाड्या मोठ्या शहरांतून फिरतात. दोन वाट्या तेलासाठी खेड्यात कोण येणार? घरचं एवढं-तेवढं उरतं ते कागदानं पुसून कचऱ्यात टाकलेलं बरं, मोरीत गेलं की पाइपात थिजतं. पण मंगल कार्यालयं, वसतिगृहाची मेस, फरसाणवाले आणि आपले बचत गट एकत्र आले तर महिन्याकाठी दोन-चार मोठे कॅन सहज भरतील. मग गाडीवाल्याशी बोलायला तोंड राहतं. माल देताना त्याची नोंदणी मात्र बघून घ्यायची. नाहीतर तेच तेल फिरून पुन्हा कुणाच्या तरी कढईत!

आम्ही ते तेल भजीवाल्याला दिलं नाही. थोडी कुरकुर झाली, पैसे बुडाले म्हणून. कॅन माझ्या पडवीत आहे, वर चिठ्ठी चिकटवली आहे : 'खायचं नाही'. परवा एका आचाऱ्याला विचारलं, लग्नातलं उरलेलं तेल कुठे जातं? तो नुसताच हसला. पुढच्या आठवड्यात गटाच्या आम्ही चौघी त्याच्याकडे पुन्हा जाणार आहोत.