ड्यूकच्या बागेतली वहिवाट

इंग्रजांकडून आपण चहा घेतला, क्रिकेट घेतले, कोर्टकचेऱ्याही घेतल्या. पण सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतातून उजळ माथ्याने चालत जाण्याची त्यांची खोड मात्र घेतली नाही. 'दुसऱ्याच्या शेतातून' हे मी मुद्दाम लिहितो आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे ऑक्सफर्डला गेलो होतो. एका रविवारी त्याने मला स्टोन्सफील्ड या खेड्यात नेले. तिथली जुनी घरे गावच्याच खाणींतल्या पातळ दगडी फरश्यांनी शाकारलेली. याच खाणींत सापडलेल्या हाडांवरून १८२४ साली बकलंड या पंडिताने डायनोसॉरचे पहिले बारसे केले!

गाव मागे पडले आणि शेते लागली. गहू नुकता वर आलेला, आणि त्या कोवळ्या हिरव्यातून दोन हात रुंदीची वाट. सेंट ऑल्बन्सहून सायरेन्सेस्टरला जाणारा रोमनांचा 'एकमन स्ट्रीट' हा रस्ता याच भागातून जात असे. शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट पेरणीसाठी नांगरली, तर चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा निदान मीटरभर रुंद करून द्यावी, असा तिथला कायदा आहे.

पुढे एक उंच दगडी भिंत आडवी आली. तिच्यावर चढायला पायऱ्या होत्या. पलीकडे गर्द झाडी, आणि झाडी सरताच ब्लेनहाइमचा विस्तीर्ण बाग! मार्लबरोच्या ड्यूकची ही जहागीर. चर्चिलसाहेब १८७४ साली इथल्याच वाड्यात जन्मले. अठराव्या शतकात ब्राउन नावाच्या कसबी माणसाने इथल्या ग्लाइम नदीला बांध घालून तळे केले आणि झाडे अशी लावली, की माणसाचा हात लागला आहे असे वाटूच नये. दूर १३४ फुटी विजयस्तंभावर रोमन वेषातले पहिले ड्यूक उभे; खाली मेंढ्या चरताहेत.

मी जरा बिचकलो. म्हटले, "अरे, कुणी हटकेल की!"

"मामा, तिकीट वाड्याला आहे, वाटेला नाही. खुशाल चला."

ही काही ड्यूकसाहेबांची मेहेरबानी नव्हे. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे बिनतक्रार, बिनअडथळा ये-जा करीत आले, की ती सार्वजनिक मानली जाते. तसा इरादा नव्हता हे सिद्ध करणे मालकाकडे. हे हक्क आयते पदरात पडले नाहीत. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून लोक चालत गेले, तेव्हा पाच तरुणांना तुरुंगात जावे लागले. १९४९च्या कायद्याने अशा वाटा नकाशांवर नोंदवण्यास सुरुवात झाली. आज इंग्लंड-वेल्समध्ये त्या सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात.

मला मात्र ड्यूकच्या हिरवळीवर चालताना आपला 'वहिवाट' हा शब्द आठवत होता. आपल्याकडेही १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर सहा महिन्यांच्या आत दाद मागावी. तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. पण दाद मागणार कोण?

आमच्या गावी आमराईतून नदीकडे जाणारी एक वाट होती. आमराई विकली गेली, नव्या मालकाने काटेरी तार ओढली. गाव हू की चू करीना. तरण्याताठ्यांना मोटारसायकली होत्या. त्यांचे काहीच अडले नाही. अडले ते डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांचे. त्या आजही मैलभर वळसा घालून येतात. वाट तारेने बंद झाली खरी, पण त्याआधीच ती चालणाऱ्या पायांना पारखी झाली होती.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत गावी जाल तेव्हा फराळ झाल्यावर जरा पाय मोकळे करा. आजोबा ज्या वाटेने मळ्यात जात, तिने एकदा जाऊन या, पोराबाळांनाही न्या. पारावरून कुणी विचारलेच, "काय, कुठे निघालात?" तर खुशाल सांगा, "वहिवाट राखायला!"