लिंक म्हणजे प्रत नव्हे

गेल्या वर्षी दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना वस्तीतील एक मुलगी रडवेली होऊन अभ्यासिकेत आली. "काका, सरांचा फोल्डर उघडतच नाही हो." गणित-विज्ञानाची वर्षभराची टिपणे सरांनी गुगल ड्राइव्हवर ठेवून वर्गाला लिंक दिली होती. सर दुसऱ्या शाळेत गेले, जुन्या शाळेने त्यांचे खाते बंद केले आणि खात्याबरोबर टिपणेही गेली. लिंक साऱ्या वर्गाकडे होती. प्रत एकाकडेही नव्हती.

आम्ही पडलो कारकून. कागद टेबलावरून पुढे जाण्याआधी त्याची स्थळप्रत फायलीला लागलीच पाहिजे, ही सवय हाडात मुरलेली. पण आमच्याच अभ्यासिकेतील मुलांना ती लावायचे आम्हाला सुचले नाही, ही चूक आमची.

वाचकहो, लिंक मिळाली म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावण्याची मुभा मिळाली, एवढेच. ड्राइव्हमध्ये 'शॉर्टकट' करून ठेवला तरी तेच. मूळ मालकाने फाईल खोडली की ३० दिवस ती त्याच्या कचरापेटीत राहते, नंतर कायमची जाते. तुमचा शॉर्टकट तेवढा रिकामा उरतो.

प्रत काढणे अवघड नाही. संगणकावर फोल्डर उघडावा, कंट्रोल व ए ही बटणे दाबून सर्व फायली निवडाव्यात, उजवे बटण दाबून 'मेक अ कॉपी' म्हणावे. आत आणखी फोल्डर असतील तर ते एकेक उघडून तसेच करावे. हे किचकट वाटले तर अख्खा फोल्डर 'डाउनलोड' करावा. तो झिप फाईल होऊन उतरतो, आतले कप्पे जसेच्या तसे राहतात. ती उघडून पेन ड्राइव्हवर ठेवावी किंवा आपल्या ड्राइव्हवर चढवावी. मोबाईलवर एकेका फाईलच्या तीन टिंबांतून प्रत निघते, पण पन्नास फायली म्हटल्या की बोटे दुखतात.

आमची एक फजिती सांगतो. नवा फोल्डर करताना आम्ही उदारपणे सर्व मुलांना 'एडिटर' केले. मुलांनी प्रती काढल्या त्या त्याच फोल्डरात पडल्या. 'कॉपी ऑफ' नावाच्या फायलींचा असा ढीग झाला की मूळ कोणती हे आम्हालाच कळेना. त्यातच एकाने एक धडा चुकून फोल्डरबाहेर काढला. तेव्हा शिक्षकांनी मुलांना 'व्ह्यूअर' ठेवावे, म्हणजे प्रत ज्याच्या त्याच्या ड्राइव्हमध्ये जाते. मात्र बघणाऱ्यांना प्रत काढण्याची व डाउनलोडची मनाई सेटिंगमध्ये घातलेली नाही ना, हे पाहावे. गुगल क्लासरूम वापरणाऱ्यांना गृहपाठ देताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रत करण्याची सोय आहे. ती वापरली की कोणी कोणाचे उत्तर पुसत नाही.

दोन गोष्टी पालकांसाठी. दुसऱ्याच्या फोल्डरातील फाईल तुमची जागा खात नाही, प्रत खाते. फुकटच्या खात्याला १५ जीबी मिळतात आणि जीमेल व गुगल फोटोज हेही त्यातच. अनेक घरांत एकच मोबाईल, एकच खाते, त्यात लग्नाबारशाचे व्हिडिओ! जागा संपली की नुसती प्रत अडत नाही, ईमेलही यायचा थांबतो. मुलाचा मुलाखतीचा निरोप त्यात अडकला तर काय करणार? म्हणून जड व्हिडिओ आधी काढावेत. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती साठवण्यात जागा घालवू नये.

दुसरे असे, की प्रत ही काढली त्या दिवसाची असते. सरांनी नंतर मूळ टिपणात चूक सुधारली तर ती तुमच्या प्रतीत येत नाही. प्रतीवर तारीख घालावी, चाचणीपूर्वी मूळ पुन्हा पाहावे.

त्या मुलीचे काय झाले? वरच्या इयत्तेतील एका मुलाच्या पेन ड्राइव्हवर जुनी अर्धी टिपणे सापडली. उरलेली तिने मैत्रिणींच्या वह्यांवरून रात्री जागून उतरवली. ती पास झाली, पण गणितात तिला हवे होते तेवढे गुण मिळाले नाहीत.

अभ्यासिकेचा संगणक दर रविवारी संध्याकाळी ६ ते ९ या कामासाठी मोकळा ठेवला आहे. येताना पेन ड्राइव्ह आणि खात्याचा पासवर्ड आठवून यावे. गेल्या रविवारी तिघे जण पासवर्ड विसरून परत गेले.